टोमॅटोचा एकच मुरडा, चार कारणे आणि ३५० रुपयांची एक भेट

कसबा बावड्याच्या टोकाला, जिथे घरे संपतात आणि उसाचे फड सुरू होतात, तिथे आमचे घर आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी बागेची सारी हौस गच्चीवरच्या सहा पिशव्यांत आणि घरामागच्या एका लांबट वाफ्यात मावते. यंदा संक्रांतीनंतर टोमॅटोची अकरा रोपे लावली. सहा गच्चीवर, पाच वाफ्यात. मार्च उजाडेपर्यंत त्यांतल्या बहुतेक रोपांची पाने सरळ राहिली नाहीत. काहींची सुरळी झाली, काहींची चुरगळली, काहींची दोरीसारखी पिळवटली आणि एक रोप तर हिरवेगार असतानाच मान टाकून बसले. या निमित्ताने घरी येऊन झाडे तपासून देणाऱ्या, कोल्हापुरातल्याच एका लहान सेवेचा अनुभव मला घेता आला. तो चांगलाही आहे आणि काही बाबतींत त्रासाचाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ही सेवा दोन कृषी पदवीधर मिळून चालवतात. शहराच्या हद्दीत एका भेटीचे ३५० रुपये, पंधरवड्यानंतरची दुसरी भेट त्याच पैशांत, आणि नुसत्या छायाचित्रांवरून सल्ला हवा असल्यास १०० रुपये, असा त्यांचा हिशेब आहे. औषधे, खते, रोपे यांपैकी काहीही ते विकत नाहीत आणि अमुक दुकानातून घ्या असेही सांगत नाहीत. माझ्या दृष्टीने या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण पुढे त्यांचे दोषही सांगायचे आहेत आणि दोन माणसांच्या धडपडीला चारचौघांत नाव घेऊन बोल लावणे मला प्रशस्त वाटत नाही. शहरातल्या एखाद्या बऱ्यापैकी रोपवाटिकेत चौकशी केली तर त्यांचा पत्ता लागेल.

त्यांना बोलावण्याआधी मी जे केले ते आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे निम्मे रामायण त्यातूनच घडले. गच्चीवरच्या तीन रोपांची खालची पाने वर वळू लागली आणि चौथ्या रोपाचा शेंडा आक्रसला, तेव्हा एक पान पिशवीत घालून मी एका कृषी सेवा केंद्रात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पान पिशवीतून बाहेरही काढले नाही. 'व्हायरस हाय', एवढे म्हणून त्यांनी एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक बाटली समोर ठेवली आणि ७४० रुपयांचे बिल केले. झाडे किती, ती कुठे लावली आहेत, पाणी कसे देता, पाने वरची वळली की खालची, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. त्यांना दोष तरी कसा द्यावा? मागे दहा शेतकरी उभे होते आणि एकरातल्या पिकाला जे लागू पडते तेच सहा पिशव्यांनाही लागू पडेल, असे गृहीत धरण्याची त्या काउंटरला सवयच असते. चूक माझी होती. घरी आल्यावर गच्चीवरच्या रोपांवर मी हातातल्या छोट्या बाटलीने फवारणी केली आणि वाफ्यातली पाच रोपे तोवर धडधाकट असतानाही, खबरदारी म्हणून, शेजारच्या शेतकरी मामांचा पाठीवरचा पंप मागून आणून त्यांनाही न्हाऊ घातले. त्यानंतर आठवडा गेला नाही तोच वाफ्यातल्या रोपांचे शेंडे पिळवटले.

मग या सेवेला आधी छायाचित्रे पाठवली. त्यांनी व्हॉट्सॲपवर मागवल्याप्रमाणे प्रत्येक रोपाची तीन छायाचित्रे काढली: एक पूर्ण रोपाचे, एक शेंड्याचे आणि एक पानाच्या मागच्या बाजूचे. दुसऱ्या दिवशी उत्तर आले की बहुतेक रोपांवर पर्णगुच्छ, म्हणजे आपण ज्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतो त्या विषाणूची शक्यता आहे आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रोपे उपटू नयेत. पहिले वाक्य चुकीचे निघाले आणि दुसऱ्याने माझी नऊ रोपे वाचवली. त्यामुळे १०० रुपयांच्या छायाचित्र सल्ल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तो घेऊ नये. वळलेले पान छायाचित्रात वळलेलेच दिसते. ते हाताला जाड लागते की मऊ, खालून कोणी उडते की नाही, माती ओली आहे की कोरडी, यांपैकी काहीच छायाचित्रात येत नाही. फोटोवरून रोग सांगणारे एक फुकटचे ॲपही मी वापरून पाहिले होते. एकाच रोपाच्या दोन पानांसाठी त्याने दोन वेगवेगळे रोग सांगितले, तेव्हा मी ते काढून टाकले.

प्रत्यक्ष भेटीला आलेल्या ताई तिशीच्या आतल्या असतील. खांद्याला एक पिशवी, तीत दहापट मोठे दाखवणारे भिंग, चाकू, तो पुसायला स्पिरिट आणि कापूस, कोऱ्या पांढऱ्या कागदांचा गठ्ठा आणि दोन पिवळी चिकट कार्डे, एवढाच त्यांचा सरंजाम. चहा नको म्हणून त्या थेट गच्चीवर गेल्या आणि झाडाला हात लावण्याआधी म्हणाल्या, 'काका, आजवर काय काय मारलंय ते तारखेसकट सांगा.' मी तीन बाटल्या आणून दाखवल्या. त्यांनी लेबले वाचली, तारीख लिहून घेतली आणि पंप कोणता वापरला तेही विचारले. त्या प्रश्नाचे मला तेव्हा आश्चर्य वाटले. पाऊण तासाने वाटले नाही.

गच्चीवरच्या तीन रोपांचा निकाल सर्वांत लवकर लागला. फक्त खालची जुनी पाने लांबीत वर वळून सुरळीसारखी झाली होती, ती हाताला जाड आणि चामड्यासारखी लागत होती, रंग मात्र गर्द हिरवा होता आणि शेंड्याची कोवळी पाने निर्मळ होती. कोऱ्या कागदावर ती फांदी झटकून ताईंनी भिंगाने पाहिले. रस शोषणारे ना फुलकिडे, ना कोळी. मग त्यांनी विचारले की बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, किती दिवसांपूर्वी काढल्या. एका व्हिडिओत पाहून मी एकाच दिवशी तिन्ही रोपांच्या सगळ्या बगलफुटी आणि वर बरीच पानेही छाटून टाकली होती, आणि त्याच आठवड्यात उन्हाचा चटका वाढला होता. अशी एकाएकी छाटणी, वरून ऊन आणि दुपारपर्यंत कोरडी पडणारी पिशवी एवढे एकत्र आले की रोप आपली खालची पाने मिटून घेते. तो रोग नाही, उत्पन्नावरही त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही आणि त्यावर औषध मारायचे नसते. छाटणी थांबवावी, पिशवीत वाळलेल्या पाल्याचे आच्छादन टाकावे आणि पाणी एका वेळी भरपूर देण्यापेक्षा रोज बेताने द्यावे, एवढाच सल्ला. वळलेली पाने पुन्हा उलगडतीलच असे नाही, म्हणून त्यांच्याकडे पाहून निराश होऊ नका, हेही त्यांनी आधीच बजावले. पाने अजून वळलेलीच आहेत, फळे मात्र उत्तम लागली.

चौथे रोप खरोखर पर्णगुच्छाचे निघाले. येथे चित्र बरोबर उलटे होते: खालची पाने ठीक आणि शेंडा बिघडलेला. नवी पाने करंगळीच्या नखाएवढी, कडेने पिवळट, वाटीसारखी वर वळलेली. दोन पेरांमधले अंतर कमी झाल्याने शेंडा गुच्छासारखा दिसत होता आणि फुले गळत होती. फांदीला हलका धक्का देताच पानांखालून पांढऱ्या माश्यांचा एक लहानसा थवा उठला. हा विषाणू या माशीमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, आणि एकदा तो रोपात शिरला की त्याला बरे करणारे औषध नाही. कीटकनाशक फार तर माशी मारते, रोपातला विषाणू मारत नाही. म्हणजे ७४० रुपयांपैकी कीटकनाशकाची बाटली निदान योग्य दिशेने तरी रोखलेली होती, पण वेळ टळून गेली होती. रोप काढून टाकण्याची ताईंची पद्धत मला विशेष आवडली: आधी आख्ख्या रोपावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तोंड बांधायचे आणि मग उपटायचे, नाहीतर उपटताना उडालेल्या माश्या शेजारच्या रोपांवर जाऊन बसतात. उरलेल्या रोपांजवळ त्यांनी एक पिवळे चिकट कार्ड टांगायला दिले आणि दर आठ दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारायला सांगितला. घरच्या मापात सांगायचे तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळून घ्यायची. पुढच्या वर्षी रोपे घरी तयार करणार असाल तर ती ५० मेशच्या, म्हणजे अगदी बारीक विणीच्या, नायलॉन जाळीखाली वाढवा आणि जात निवडताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक पाहा, ती पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना दाद देत नाही, असे त्या म्हणाल्या.

याच ठिकाणी आमच्या सौभाग्यवतींनी विचारले की या रोपावरची चार फळे खाल्ली तर चालतील का. २०२० साली टोमॅटोवरच्या 'तिरंगा' विषाणूच्या बातम्या पसरल्या होत्या आणि तेव्हा अनेक घरांत टोमॅटो आणणेच बंद झाले होते. ती भीती त्यांच्या मनात अजून होती. ताईंनी सांगितले की झाडांचे विषाणू माणसाला बाधत नाहीत, फळ आकाराने आणि चवीने मार खाते इतकेच. कीटकनाशकाच्या लेबलावर फवारणी आणि तोडणी यांच्यामध्ये किती दिवस सोडायचे ते लिहिलेले असते, ते मात्र पाळावे.

वाफ्यातल्या रोपांसाठी खाली उतरलो तेव्हा माझे मत ठरलेले होते. शेजारच्या फडात त्याच सुमारास हिवाळ्यात लावलेल्या 'सुरू' उसाला तणनाशकाची फवारणी झाली होती, वारा आमच्याकडे होता आणि रोपांचे शेंडे नंतर पिळवटले होते. मामांना दोन शब्द सुनवायचे हेही मी मनाशी पक्के केले होते. पिळवटलेला शेंडा पाहून ताईही प्रथम हेच म्हणाल्या की हा विषाणू नसून तणनाशकाचा परिणाम दिसतो. उसात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरतात. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. ऊस गवताच्याच कुळातला असल्याने त्याला सहसा काही होत नाही, पण टोमॅटोला त्याचा वास लागला तरी पुरतो. पाने अरुंद होऊन फितीसारखी लांबतात, शिरा एकमेकींना समांतर धावल्यासारख्या दिसतात, देठ खाली वाकतात आणि खोड पीळ घेते. भिंगाखाली मला त्या शिरा दाखवल्या तेव्हा पर्णगुच्छाच्या पानापेक्षा हे पान किती वेगळे आहे ते एका क्षणात कळले. पर्णगुच्छात पान लहान आणि पिवळे होते; येथे ते हिरवेच होते, फक्त त्याचा आकार टोमॅटोचा राहिला नव्हता.

पण त्या तिथे थांबल्या नाहीत. फडाच्या बाजूच्या कुंपणभिंतीवर आमचा घेवड्याचा वेल आहे. त्यांनी त्याची पाने एकेक करून पाहिली आणि ती सगळी सपाट, निरोगी होती. घेवडाही तणनाशकाला टोमॅटोसारखाच हळवा असतो. फडातून वाऱ्याने औषध आले असते तर भिंतीवरचा घेवडा आधी पिळवटला असता आणि त्याच्या आडोशाला असलेली टोमॅटोची रांग नंतर. येथे आडोशातली रांग पिळवटली होती आणि तोंडावरचा वेल साफ होता. शिवाय पिळवटलेली चारही रोपे एकाच वेळी, एकाच प्रमाणात बिघडली होती आणि फवारणीच्या आधी आलेले प्रत्येक पान ठीक, नंतर आलेले प्रत्येक पान वेडेवाकडे, अशी स्पष्ट रेघ खोडावर बोट ठेवून दाखवता येत होती. 'काका, वारा नाही, पंप,' असे म्हणून त्यांनी माझी फवारणीची तारीख पुन्हा काढून दाखवली. मी मामांना हाक मारून विचारले, तर त्यांनी प्रांजळपणे सांगितले, 'त्याच पंपानं तणनाशक मारलंय की मी. पर धुतलाय दोनदा, म्हणूनच दिला तुम्हाला.' दोनदा साध्या पाण्याने धुतलेल्या पंपाच्या नळीत, नोझलमध्ये आणि वॉशरमध्ये जेवढे उरते तेवढे टोमॅटोला पुरेसे असते, हे ना त्यांना ठाऊक होते ना मला. सुनवायचे दोन शब्द गिळून मी त्यांना चहाला बसवले.

या पाऊण तासाच्या शोधासाठी मी ३५० च्या ऐवजी ७०० रुपयेही दिले असते. नुसते तणनाशकाचे लक्षण ओळखणे हे पुस्तक वाचलेल्या कोणालाही जमेल. ते कोणत्या वाटेने आले हे शोधण्यासाठी निरोगी झाडेही पाहावी लागतात, आणि आजारी झाडांवरच नजर खिळवून बसण्याची चूक मी तीन आठवडे करत होतो. या रोपांना द्यायचे औषध कोणतेच नव्हते. मात्रा थोडी असेल तर पुढची फूट सरळ येते, जास्त असेल तर येत नाही. तीन आठवडे वाट पाहायची, तोवर नेहमीपेक्षा जास्त खत घालून रोपाला पळवायचे नाही, आणि फवारणीच्या वेळी धरलेली फळे तोडून टाकायची. हा दोष एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही, म्हणून रोपे उपटण्याची घाई नाही. तणनाशकाचा पंप आणि बागेचा पंप वेगळा ठेवावा हे त्यांनी मामांसमोरच सांगितले, त्यामुळे मला सांगावे लागले नाही.

पाचवे रोप वाफ्याच्या कोपऱ्यातले. तेही त्याच पंपाखाली गेले होते, परंतु शेंडा पिळवटण्याच्या आधीच ते दोन दिवसांत ढेपाळले. पाने पिवळी नाहीत, डाग नाहीत, माती ओली, आणि तरीही रोप पाण्यावाचून मेल्यासारखे. मी पाणी आणखी वाढवले होते. ताईंनी बोट मातीत दोन पेरे खुपसून पाहिले आणि पहिली सूचना पाणी बंद करण्याची केली. मग जमिनीलगत खोड कापले, आतला भाग तपकिरी झाला होता. त्याचा वीतभर तुकडा घरातून मागवलेल्या काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरला आणि हलू न देता थांबायला सांगितले. चार-पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या बारीक धाग्यांसारखे काहीतरी पाण्यात खाली उतरू लागले. ही जिवाणूजन्य मर. रोपाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या जिवाणूंनी तुंबतात, त्यामुळे मुळाशी पाणी असून वर पोहोचत नाही. तेच जिवाणू पाण्यात उतरताना आम्ही डोळ्यांनी पाहत होतो. बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगात खालची पाने आधी पिवळी पडतात, अनेकदा रोपाच्या एकाच बाजूची, आणि पेल्यात असे धागे उतरत नाहीत. मुळेही धुऊन पाहिली; सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या, गाठी नव्हत्या. तो पेला पुन्हा स्वयंपाकघरात गेला नाही, त्याचे पैसे सेवेच्या शुल्कात धरावेत असा घरचा ठराव आहे.

या जिवाणूचे मूळ शोधतानाही प्रश्नांचीच सरबत्ती झाली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी वाफ्यापर्यंत आले होते का, कारण तो पाण्याबरोबर मातीतून सरकतो. त्या कोपऱ्यात आधी काय लावले होते. खुरपे कोणाकडून आणले होते का. गेल्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्यात वांग्याची दोन झाडे उभ्या उभ्या वाळली होती आणि मी ती उपटून तिथेच टोमॅटो लावला होता, हे आठवल्यावर पुढचे प्रश्न संपले. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली आणि या रोगाच्या एकाच पंगतीतली. मातीत हा जिवाणू वर्षानुवर्षे टिकतो. कोणतीही बाटली ओतून ती माती शुद्ध होत नाही. रोप भोवतालच्या मातीसकट उचलून कचऱ्यात द्यायचे, कंपोस्टमध्ये टाकायचे नाही, चाकू-खुरपे स्पिरिटने पुसायचे आणि त्या कोपऱ्यात निदान तीन वर्षे या कुळातले काहीही लावायचे नाही. मका, कांदा, मेथी चालेल. त्या कोपऱ्यातले पाणी वाहत उरलेल्या रोपांकडे जाऊ नये म्हणून मध्ये छोटा बांध घालायलाही सांगितले.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार वेळेची. ठरलेल्या दिवशी त्या आल्याच नाहीत. संध्याकाळी निरोप आला की दुसरीकडे उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ची वेळ दिली आणि आल्या दुपारी २ वाजता. हा नुसता माझ्या गैरसोयीचा मुद्दा नाही. मार्चच्या दुपारी दोन वाजता गच्चीवरचे प्रत्येक रोप मान टाकूनच उभे असते आणि उन्हाने आलेली मरगळ व रोगाने आलेली मरगळ यांतला फरक त्या वेळी करता येत नाही. मरीची खात्री पेल्याने झाली म्हणून बरे. गच्चीवरच्या दोन रोपांबद्दल ताईंनाच शंका राहिली आणि संध्याकाळी सहा वाजता व दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांची छायाचित्रे मला पाठवावी लागली. ती दोन्ही रोपे संध्याकाळी ताठ उभी राहिली, म्हणजे त्यांना काहीच झालेले नव्हते. सकाळी लवकर आल्या असत्या तर हे दोन मिनिटांत समजले असते.

दुसरी तक्रार अहवालाची. भेटीनंतर हाताने लिहिलेला एक कागद मिळतो. त्यात प्रत्येक रोपासमोर कारण आणि त्यापुढे 'पक्के' किंवा 'संभाव्य' असे लिहिलेले असते, ही पद्धत फार चांगली आहे. पर्णगुच्छासमोर त्यांनी प्रामाणिकपणे 'संभाव्य' लिहिले, कारण विषाणूची खात्री प्रयोगशाळेतच होते. पण अक्षर असे की निंबोळी अर्काचे प्रमाण मला दूरध्वनी करून विचारावे लागले. ३५० रुपये घेताना संगणकावर टंकलेला कागद द्यायला हरकत नसावी. तिसरी बाब तक्रार म्हणण्यापेक्षा हिशेबाची आहे: ज्याच्याकडे दोनच रोपे आहेत त्याने ही भेट घ्यावी का? तेवढ्या पैशांत मंडईत कित्येक किलो टोमॅटो येतात. मोजकी रोपे असतील आणि सवड असेल तर रोप मुळासकट पिशवीत घालून कणेरीच्या किंवा तळसंद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मात्र मुळासकट न्यावे. एक पान नेण्याचा परिणाम वर सांगितलाच आहे. पंपाचा उलगडा केंद्रात बसून होणे मात्र अवघड होते, कारण त्यासाठी भिंतीवरचा घेवडा पाहावा लागला. तारे द्यायचेच झाले तर भेटीला पाचांपैकी चार, छायाचित्र सल्ल्याला एक.

दुसरी भेट ठरल्याप्रमाणे अठराव्या दिवशी झाली आणि या वेळी त्या सकाळी साडेआठलाच आल्या. वाफ्यातल्या चार पिळवटलेल्या रोपांपैकी तिघांना जुन्या वेड्यावाकड्या पानांच्या वर सरळ, रुंद पानांची नवी फूट आली होती. चौथे जिथल्या तिथे खुंटले होते, ते काढून टाकले. मातीत औषध उरले आहे का हे पाहण्यासाठी पहिल्या भेटीत त्यांनी वाफ्यात घेवड्याचे चार दाणे टोचायला सांगितले होते. त्यांची पहिली खरी पाने सपाट आली, म्हणजे माती ठीक. पिवळ्या कार्डावर माश्या चिकटलेल्या होत्या, त्या मोजून त्यांनी निंबोळी अर्क आणखी दोन वेळा फवारायला सांगितला आणि गच्चीवरच्या पाच रोपांचे शेंडे भिंगाने पाहून त्यांच्यासमोर 'निरोगी' लिहिले. बुरशीनाशकाची बाटली अजून न उघडता पडून आहे, दुकानदार ती परत घेत नाही.

या सेवेला बोलावणार असाल तर आदल्या संध्याकाळपासून झाडांना पाणी देऊ नये, खराब पाने तोडून टाकू नयेत आणि आतापर्यंत जे काही फवारले असेल त्याच्या बाटल्या हाताशी ठेवाव्यात, असे ते स्वतःच कळवतात. त्यात माझी एक भर: पंप कोणाचा होता तेही आठवून ठेवावे. रविवारी ते येत नाहीत. वेळ मागताना सकाळी नऊच्या आतलीच मागावी आणि दुपारची दिली तर दुसरा दिवस घ्यावा.